'महाशीर' आणि 'खुद्री' : दख्खनच्या एका माशाच्या नावाचा इतिहास

गोषवारा

गोड्या पाण्यातील गळाच्या शिकारीसाठी जगभर ख्याती असलेल्या महाशीर माशाच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय नाव 'टोर खुद्री' असे आहे. या नावातील दुसरे पद मराठी असून ज्या ठिकाणावरून ते शास्त्रात गेले ते ठिकाण पुण्याच्या पूर्वेस, आजच्या मांजरी-वाघोली परिसराजवळ मुळा-मुठा नदीवर येते. प्रस्तुत लेखात 'महाशीर' या नावाच्या प्रचलित व्युत्पत्तींचे परीक्षण, कर्नल सायक्सच्या नोंदीतील 'खुद्री' या शब्दाच्या उच्चाराचा विचार आणि नावांच्या चुकीच्या जुळणीमुळे मत्स्यसंवर्धनात निर्माण झालेल्या प्रश्नांची चर्चा करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : महाशीर, टोर खुद्री, विल्यम हेन्री सायक्स, मुळा-मुठा, वाघोली, व्युत्पत्ती, स्थानिक इतिहास

१. प्रस्तावना

स्थानिक इतिहासाचा विचार करताना सामान्यतः राजघराणी, वतने, मंदिरे आणि लढाया यांना अग्रक्रम दिला जातो. वाघोली हे गाव त्यास अपवाद नाही. पेशवाईतील मातब्बर सरदार पिलाजीराव जाधवराव यांचे गाव, वाघेश्वराचे मंदिर व त्यालगतचा तलाव, ही वाघोलीची परिचित ओळख होय. अलीकडे दगडखाणी, महामार्गावरील वाहतूक आणि २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत झालेला समावेश या संदर्भांत हे नाव घेतले जाते. तथापि गावाच्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या मुळा-मुठा नदीच्या पट्ट्याने जागतिक प्राणिशास्त्राला एक नाव दिले आहे, ही बाब स्थानिक इतिहासलेखनात फारशी आलेली नाही.

हे नाव म्हणजे 'खुद्री'. इंग्रज सैनिक व संशोधक विल्यम हेन्री सायक्स याने १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या माशांवरील निबंधात 'बार्बस खुद्री' या जातीचे प्रथम वर्णन केले. तिचे मूळ स्थळ म्हणून त्याने 'मोटा मोला' नदी, पुण्याच्या पूर्वेस आठ मैल, अशी नोंद केली आहे. पुढे ही जात 'टोर' या प्रजातीत समाविष्ट झाली आणि आज ती 'टोर खुद्री', म्हणजेच दख्खनचा महाशीर किंवा निळ्या परांचा महाशीर, या नावाने ओळखली जाते.

माशाच्या नावाचा अभ्यास हा केवळ शब्दकोशाचा विषय आहे, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सायक्सने वर्णन केलेल्या या माशाचा मूळ नमुना कोणत्याही संग्रहालयात उपलब्ध नाही. अशा वेळी शास्त्रीय नावाचा अर्थ निश्चित करण्यासाठी लेखी वर्णन, चित्र, स्थळाचा उल्लेख आणि स्थानिक नाव एवढीच साधने उरतात. त्यांपैकी स्थळ व नाव ही दोन साधने इतिहास आणि भाषा यांच्या कक्षेत येतात. म्हणूनच या प्रश्नाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने पाहणे आवश्यक ठरते.

२. सायक्स आणि दख्खनची पाहणी

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतर कंपनी सरकारला नव्या मुलखाची माहिती हवी होती. जमीन, पिके, लोकसंख्या, महसूल, हवामान, भाषा या सर्वांची मोजदाद करण्याचे प्रयत्न याच काळात सुरू झाले. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ मध्ये सायक्स (१७९०-१८७२) याची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली. पुढील सुमारे सहा-सात वर्षे त्याने दख्खनमध्ये फिरून माहिती जमविली व १८३१ मध्ये तो मायदेशी परतला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्तीही १८३१ चीच आहे. मुलूख आणि त्याची भाषा यांची नोंद एकाच प्रशासकीय गरजेतून एकाच वेळी होत होती, हे या योगायोगावरून लक्षात येते.

सायक्सने १८३१-३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची व सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली. माशांवरील निबंध १८३८ मध्ये वाचला गेला, त्याचा संक्षेप १८३९ मध्ये आणि सचित्र विस्तृत रूप १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सायक्स ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक व अध्यक्ष झाला आणि ब्रिटिश संसदेवर निवडून गेला. त्याच्या नंतरच्या राजकीय कारकिर्दीपेक्षा दख्खनमधील ही पाहणीच अभ्यासकांना अधिक उपयोगी ठरली आहे.

या निबंधात चाळीसहून अधिक माशांचा समावेश असून त्यांतील बहुसंख्य मासे तोपर्यंत पाश्चात्त्य शास्त्राला अज्ञात होते. त्यांना नावे देताना सायक्सने दोन पद्धती अवलंबिल्या. काही माशांना त्याने युरोपीय व्यक्तींची नावे दिली. दख्खनच्या वामीचे नाव एल्फिन्स्टनवरून, तर एका अजस्र मांजरमाशाचे नाव इंग्रज निसर्गअभ्यासक विल्यम यॅरल याच्यावरून ठेवले गेले. मात्र बहुतेक माशांच्या बाबतीत त्याने भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांवरील मच्छीमारांच्या तोंडची नावे जशी ऐकली तशी रोमन अक्षरांत उतरविली आणि तीच शास्त्रीय नावे म्हणून वापरली. नकटा, शिंगटी, मळ्या, बोगट हे शब्द अशा रीतीने शास्त्रीय नामावलीत गेले. तुटक्या नाकासारखे तोंड असलेल्या माशाला 'नकटा' आणि शिंगासारखा काटा असलेल्या माशाला 'शिंगटी' म्हणण्यात मच्छीमारांचे सूक्ष्म निरीक्षण दिसते. ही नावे सांगणाऱ्या भोई-कोळी मंडळींची नावे मात्र निबंधात आलेली नाहीत. ज्यांच्या ज्ञानावर ही यादी उभी राहिली ते लोक अनामिकच राहिले.

३. 'खुद्री' या शब्दाचा उच्चार

शास्त्रीय नावाचा आजचा रूढ उच्चार 'खुद्री' असा आहे. परंतु या अक्षररचनेमागे मूळ मराठी शब्द कोणता असावा, याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. सायक्सच्या काळात देशी शब्दांचे रोमन लेखन नियमबद्ध झालेले नव्हते. प्रत्येक अधिकारी आपल्या इंग्रजी कानाला जसे ऐकू येई तसे लिहीत असे.

सायक्सच्या लेखनपद्धतीचा शोध त्याच्याच इतर शब्दांवरून घेता येतो. 'दख्खन' हा शब्द तो रोमन 'यू' हे अक्षर दोनदा वापरून लिहितो. 'नकटा' व 'मळ्या' या शब्दांतील आद्य अक्षरांतील 'अ' स्वरासाठीही त्याने तेच अक्षर योजले आहे. इंग्रजीत 'कट' किंवा 'बट' या शब्दांतील स्वर याच अक्षराने लिहिला जातो, हे लक्षात घेता त्याची योजना सुसंगत वाटते. उलट 'मुठा' व 'मुळा' या नद्यांच्या नावांतील 'उ' स्वर त्याने 'ओ' या अक्षराने लिहिला, म्हणून त्याच्या निबंधात 'मोटा मोला' असे रूप दिसते. 'पुणे', 'शिरूर' यांसारख्या नावांतील उकार त्या काळी सामान्यतः दोन 'ओ' जोडून लिहिले जात.

या पुराव्यावरून असा निष्कर्ष काढता येतो की, सायक्सने ज्या शब्दाच्या पहिल्या अक्षरात 'यू' लिहिला आहे तो शब्द 'खु' ने नव्हे, तर 'ख' ने सुरू होणारा असण्याची शक्यता अधिक आहे. म्हणजेच मच्छीमारांनी उच्चारलेला शब्द 'खडरी' किंवा 'खद्री' यांच्या जवळचा असावा. महाराष्ट्रात या माशासाठी 'खडस', 'खडशी' अशी नावे आढळतात, त्यांच्याशी हे रूप जुळते. महाशीर हा खडकाळ तळ, डोह आणि वाहते स्वच्छ पाणी पसंत करणारा मासा आहे, व त्याची मादी दगडगोट्यांच्या व खडीच्या तळावर अंडी घालते. त्यामुळे 'खडक' किंवा 'खडी' या शब्दांशी या नावाचा संबंध असणे अर्थाच्या दृष्टीनेही सुसंगत आहे. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. सायक्सचे लेखन सर्वत्र एकसारखे नव्हते, हेही ध्यानात ठेवावे लागते. तथापि 'खुद्री' हा उच्चार मूळ मराठी मानण्यापेक्षा तो इंग्रजी अक्षरांवरून मराठीत परत आलेला उच्चार मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

४. 'महाशीर' : चार व्युत्पत्ती

'खुद्री' हे एका जातीचे नाव आहे, तर 'महाशीर' हे संपूर्ण गटाचे. या दुसऱ्या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकोणिसाव्या शतकापासून मतभेद आहेत. यूल व बर्नेल यांच्या १८८६ मधील 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या नावाचे मूळ व त्याचे योग्य लेखन अत्यंत संदिग्ध असल्याचे नमूद आहे.

पहिली व्युत्पत्ती 'महाशिरस्', म्हणजे मोठ्या डोक्याचा, अशी आहे. मराठीत रूढ झालेले 'महाशीर' हे लेखन याच समजुतीला बळकटी देते. परंतु मासा हाती घेतल्यावर प्रथम नजरेत भरतो तो त्याचा खवला. सायक्ससह बहुतेक वर्णनकारांनी खवल्यांच्या आकाराचाच विशेष उल्लेख केला आहे.

दुसरी व्युत्पत्ती 'महाशल्क', म्हणजे मोठ्या खवल्यांचा, अशी असून यूल व बर्नेल यांनी तिला अधिक संभाव्य मानले. त्यासाठी त्यांनी फ्रान्सिस बुकॅनन याच्या नोंदीचा आधार घेतला आहे. या माशाचे खवले इतके मोठे असत की, ढाक्यास त्यांचे खेळण्याचे पत्ते बनवीत, असे बुकॅननने लिहिले आहे. 'महाशल्क' हा शब्द प्राचीनही आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धात पितरांना दीर्घ तृप्ती देणाऱ्या पदार्थांमध्ये त्याचा समावेश आहे. या व्युत्पत्तीतील भाषिक अडचण अशी की, 'शल्क' शब्दातील जोडाक्षर प्राकृतात गेल्यावर 'सक्क' असे रूप अपेक्षित असते. मग उत्तर भारतातील 'मोसल', 'महासौला' या रूपांत 'ल' कसा टिकला, हा प्रश्न उरतो. संस्कृतात 'शकुल' नावाचा मासा आहे आणि हिंदीतील 'सौल' वा 'सौर' हे मरळ वर्गातील माशाचे नाव त्यापासून आले आहे. 'महाशकुल' पासून 'महासौला' आणि 'ल'-'र' यांच्या अदलाबदलीने 'महासौर' अशी रूपे नियमाने सिद्ध होतात. ही शक्यता विचारात घेण्याजोगी वाटते. मात्र तसे मानल्यास या नावाचा मूळ अर्थ केवळ 'मोठा सौल' एवढाच राहतो.

तिसरी व्युत्पत्ती 'माही-शेर' ही होय. फारसीत 'माही' म्हणजे मासा आणि 'शेर' म्हणजे सिंह. पेशवाईच्या वाचकांना 'माही' हा शब्द अपरिचित नाही. मोगल दरबाराकडून मिळणारा 'माही मरातब' हा मत्स्यचिन्हाचा बहुमान मराठी सरदारांच्या इतिहासात येतो. या व्युत्पत्तीमुळे महाशीरास 'पाण्यातील वाघ' हे बिरुद मिळाले आणि इंग्रज शिकाऱ्यांना ते विशेष भावले. गळ गिळल्यानंतर प्रवाहाविरुद्ध दीर्घकाळ झुंज देणारा हा मासा, आणि वाघाच्या शिकारीचे वर्णन करण्याची सवय असलेला तो वाचकवर्ग, यांचा मेळ सहज बसला. परंतु फारसी रचनेनुसार 'शेरमाही' असा क्रम अधिक स्वाभाविक ठरतो. शिवाय ज्या नदीकाठच्या लोकांनी हे नाव वापरले त्यांच्या बोलीत फारसी समास कसा रुजला, याचेही उत्तर मिळत नाही. चौथी, 'महा-आस्य' म्हणजे मोठ्या तोंडाचा ही व्युत्पत्ती, 'द रॉड इन इंडिया' (१८७३) या ग्रंथाचा कर्ता हेन्री सलिव्हन थॉमस याने सुचविली. ती पुढे फारशी स्वीकारली गेली नाही.

या चारही व्युत्पत्ती एकत्र पाहिल्या असता एक बाब स्पष्ट होते. प्रत्येक अभ्यासकाने आपल्याला परिचित असलेल्या भाषेत नावाचा अर्थ शोधला. संस्कृतज्ञाला खवले दिसले, शिकाऱ्याला वाघ दिसला आणि गळ टाकणाऱ्याला तोंड दिसले. ज्या बोलींतून नाव आले त्या बोलींची साक्ष मात्र दुय्यम राहिली.

असा प्रकार केवळ भारतातच घडला असे नाही. उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातील प्रसिद्ध शिकारी मासा 'मस्कीलंज' याचे नाव तेथील मूलनिवासी ओजिब्वे लोकांच्या भाषेतील 'माश्किनोझे' या शब्दावरून आले आहे. त्याचा अर्थ 'मोठा' अथवा 'कुरूप' पाईक मासा असा सांगितला जातो. फ्रेंच वसाहतकारांनी मात्र तोच शब्द 'मास्क आलाँझे', म्हणजे लांबट मुखवटा, असा ऐकला आणि माशाच्या लांब तोंडाशी त्याचा संबंध जोडला. १८२४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले तेही याच शब्दाच्या एका रूपावरून. ज्या वर्षी सायक्स दख्खनच्या पाहणीस लागला त्याच वर्षाची ही घटना आहे. नवा मुलूख, स्थानिक शब्द, परकीय कान आणि नंतर जुळविलेला अर्थ, हा क्रम दोन्ही खंडांत सारखाच आढळतो.

महाशीरास इंग्रजांनी 'भारतीय सामन' असेही म्हटले. 'हॉब्सन-जॉब्सन'ने ते नाव दिशाभूल करणारे ठरविले आहे. आज मुंबईच्या बाजारात 'इंडियन सामन' म्हटले की, समुद्रातील रावस समजला जातो. एकच उसने नाव दोन भिन्न माशांवर कसे चिकटते, याचे हे उदाहरण आहे. माशाची गळाने शिकार करण्याचा छंद इंग्रजांनी येथे आणला, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, आमिषे व गळ यांचे वर्णन आहे. प्राचीन मराठीच्या उल्लेखांमुळे हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी त्यातील मत्स्यविषयक भागाचा अभ्यास केला होता.

५. 'मसळा' या नावाने झालेला घोटाळा

नावांच्या साम्यावरून काढलेला निष्कर्ष किती दूरगामी परिणाम घडवू शकतो, हे सायक्सच्या दुसऱ्या एका माशाच्या उदाहरणावरून दिसून येते. पुणे-अहिल्यानगर मार्गावर वाघोलीच्या पुढे शिरूर येथे घोड नदी आहे. तेथून सायक्सने 'बार्बस मुसल्ला' या जातीचे वर्णन केले. वर सांगितलेल्या लेखनपद्धतीनुसार हा शब्द 'मसळा' किंवा 'मसला' असा वाचावा लागतो. हा मासाही आकाराने मोठा होता आणि त्याचे नाव 'महाशीर', 'मोसल' या नावांच्या जवळ जाणारे होते.

विसाव्या शतकात होरा यांनी भारतीय शिकारी माशांवर मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. तिच्यात दख्खनच्या महाशीरांची चर्चा करताना १९४३ मध्ये त्यांनी 'मुसल्ला' ही महाशीराचीच एक जात मानली. त्यानंतर कावेरी नदीतील पाठीवर उंचवटा असलेल्या प्रचंड महाशीरास 'टोर मुसल्ला' हे नाव चिकटले. याच गटातील काबिनी नदीत १९४६ मध्ये पकडलेला १२० पौंडांचा मासा शिकाऱ्यांच्या विक्रमांत नोंदला गेला आहे.

२०१३ च्या सुमारास मार्कस नाईट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायक्सचे वर्णन व चित्र पुन्हा तपासले. तेव्हा घोड नदीचा 'मुसल्ला' हा महाशीर नसून 'हिप्सेलोबार्बस' या वेगळ्या प्रजातीचा मासा असल्याचे दाखवून देण्यात आले. त्याचा परिणाम असा झाला की, कावेरीतील तो विख्यात मासा शास्त्रीय नावाविना राहिला. ज्या जातीला मान्य नाव नाही तिची नोंद धोक्यातील प्राण्यांच्या यादीत करणे कठीण असते. अखेर २०१८ मध्ये एड्रियन पिंडर व सहकाऱ्यांनी हा मासा केरळमधील पांबार नदीतून वर्णिलेल्या 'टोर रेमादेवी' या जातीचा असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्यास अतिसंकटग्रस्त ठरविले. शिरूरच्या मच्छीमाराने आपल्या माशाला दिलेले नाव चुकीचे नव्हते. ते नाव 'महाशीर'सारखे वाटते म्हणून तो मासाही महाशीरच असणार, ही जुळणी चुकीची होती.

६. नदी, धरणे आणि मासा

महाशीर पावसाळ्यात नदीच्या वरच्या अंगास चढून अंडी घालतो. त्यामुळे नदीचा प्रवाह अखंड असणे ही त्याच्या जीवनक्रमाची अट आहे. मुठेवरील खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. मुळेवर टाटांचे मुळशीचे धरण १९२० च्या दशकात उभे राहिले. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रहात विस्थापित शेतकऱ्यांचा प्रश्न मांडला गेला. नदीतील जीवसृष्टीचा प्रश्न त्या काळी कोणाच्याही विचारात नव्हता. पुढे पुणे शहराची वाढ झाली, मैलापाणी व औद्योगिक सांडपाणी नदीत येऊ लागले आणि शहराच्या खालच्या बाजूचा, म्हणजे मांजरी-वाघोलीकडील पट्टा सर्वाधिक बाधित झाला. मुळा-मुठेतील माशांवर वाघ व घाटे यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासह पुणे परिसरातील अनेक पाहण्यांत प्रदूषण व परकीय माशांचा शिरकाव यांमुळे स्थानिक जाती घटल्याचे नोंदले गेले आहे. सायक्सने ज्या पाण्यातून 'खुद्री' पाहिला ते पाणी आज स्वच्छ, प्राणवायुयुक्त प्रवाह लागणाऱ्या या माशाला मानवणारे राहिलेले नाही.

याच माशाच्या संवर्धनाचा एक अध्यायही पुणे जिल्ह्यातच घडला. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महाशीराच्या प्रजननाचा अभ्यास केला, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास होऊ लागली. महाशीराच्या 'टोर कुलकर्णी' या जातीला १९९२ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. वळवणची पिल्ले देशातील अनेक राज्यांत पाठविली गेली. २०१८ मधील पुनर्मूल्यांकनात 'टोर खुद्री' धोक्यातील जातींच्या गटातून बाहेर आला. मात्र कावेरीत सोडलेल्या याच माशाने तेथील मूळच्या उंचवट्याच्या महाशीरास मागे सारले, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. सर्व महाशीर एकच, या समजुतीने एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडला गेला. येथेही नावाच्या व्यापकतेने जातींमधील भेद झाकला गेला.

दुसरीकडे लोकश्रद्धेने राखलेले डोह आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून महाशीरास कोणी मारीत नाही. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात तिळसे येथील वैतरणेच्या पात्रातही देवस्थानाशी निगडित असे संरक्षण आहे. अशा ठिकाणी माशाला जातीचे नाव नसते, तो केवळ 'देवाचा मासा' असतो. पण मासा व त्याचे मूळ पाणी यांची फारकत तेथे झालेली नाही, ही बाब कृत्रिम पैदाशीच्या तुलनेत महत्त्वाची आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय नाव मुळा-मुठेच्या काठच्या मराठी बोलीतून आले आहे. सायक्सने गावाचे नाव दिलेले नसले, तरी पुण्याच्या पूर्वेस आठ मैल, म्हणजे सुमारे १३ किलोमीटर, हे अंतर मांजरी-वाघोली परिसरातील नदीच्या पट्ट्याशी जुळते.

(२) सायक्सच्या लेखनपद्धतीच्या अंतर्गत पुराव्यावरून मूळ शब्द 'खडरी' किंवा तत्सम असावा आणि त्याचा 'खडशी' या नावाशी संबंध असावा, असे अनुमान करता येते.

(३) 'महाशीर' या नावाची 'माही-शेर' ही लोकप्रिय व्युत्पत्ती भाषिकदृष्ट्या सर्वांत दुर्बल आहे. 'महाशल्क' ही अर्थाच्या, तर 'महाशकुल' ही ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने अधिक ग्राह्य ठरते.

(४) 'मसळा' व 'महाशीर' यांच्या साम्यावरून झालेल्या गैरसमजामुळे एका अतिसंकटग्रस्त माशाची ओळख सुमारे सात दशके चुकीच्या नावाखाली राहिली. स्थानिक नावांची अचूक नोंद ही संवर्धनाचीही गरज आहे.

मूळ नमुना नसलेल्या जातीचा अर्थ पुन्हा निश्चित करावयाचा झाल्यास अभ्यासकाला तिच्या मूळ स्थळी जाऊन तोच मासा शोधावा लागतो. 'खुद्री'च्या बाबतीत ते स्थळ पुणे शहराच्या सांडपाण्याखाली गेले आहे आणि त्या काठावर माशाला नेमके कोणत्या नावाने ओळखत, हे सांगू शकणारी पिढीही मावळत आहे. भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांवरील मच्छीमार कुटुंबांकडून माशांची नावे, त्यांचे उच्चार व त्यांमागील निरीक्षणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्रितपणे हाती घेणे शक्य आहे. सायक्सने ही नावे घेतली, पण ती सांगणाऱ्यांची नोंद केली नाही. नव्या नोंदीत नावाबरोबर ते सांगणाऱ्याचा गाव, त्याची नदी आणि त्याच्या संमतीने त्याचा उल्लेखही असावा, एवढी दक्षता घेतल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.